डी ड्राइव्हमधील माहिती न गमावता सी ड्राइव्हची जागा कशी वाढवावी

दुकानातून जुळवून घेतलेल्या, किंवा पुढे कधीतरी विंडोज नव्याने घालून घेतलेल्या अनेक संगणकांवर ठरावीक मांडणी दिसते. एक टीबीची हार्ड डिस्क असते, तिच्यात शंभर-सव्वाशे जीबीचा सी ड्राइव्ह असतो आणि उरलेली सगळी जागा डी ड्राइव्हला दिलेली असते. सुरुवातीची काही वर्षे ही मांडणी चालून जाते. मग विंडोजचे अपडेट, नवनवे प्रोग्रॅम, डाउनलोड्समध्ये साचलेल्या फाइल्स आणि डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो यांनी सी भरत जातो, त्याची पट्टी लाल होते, जागा नाही म्हणून पुढचा अपडेट अडकतो, आणि शेजारी डी मध्ये पाचशे जीबी रिकामे पडलेले असतात. ही रिकामी जागा डी मधून काढून सी ला कशी द्यावी आणि ती देताना एकही फाइल गमावण्याची वेळ कशी येऊ देऊ नये, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ. डिस्क १ टीबीची आहे, सी १२० जीबी आहे, डी सुमारे ८१० जीबी आहे आणि डी मध्ये २५० जीबी माहिती आहे. बेरीज एक हजार होत नाही म्हणून गोंधळून जाऊ नये. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तीच डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. आपल्याला सी १२० वरून २२० जीबी करायचा आहे.

बांध सरकवणे आणि पीक हलवणे

हार्ड डिस्क हे एक सलग शेत मानले, तर सी, डी हे त्याचे तुकडे, म्हणजे पार्टिशन्स, आणि पार्टिशन टेबल हा त्या शेताचा मोजणी नकाशा होय. कोणता तुकडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्या नकाशात लिहिलेले असते. प्रत्यक्ष पीक, म्हणजे आपल्या फाइल्स, जमिनीवर उभे असते आणि त्या तुकड्याच्या आत कोणती फाइल कोठे आहे याची नोंद फाइल सिस्टीम ठेवते. विंडोजमध्ये ही फाइल सिस्टीम बहुतेक वेळा एनटीएफएस असते. पार्टिशन लहान करताना आधी फाइल सिस्टीमला आतल्या आत आवरून घ्यावे लागते आणि मगच नकाशावरची रेघ अलीकडे आणता येते, आणि मोठे करताना आधी रेघ पलीकडे न्यावी लागते आणि मग फाइल सिस्टीम त्या नव्या जागेत पसरते. हा क्रम चुकला तर फाइल्सचा काही भाग हद्दीबाहेर राहतो. चांगली साधने हा क्रम आपोआप पाळतात.

सी डावीकडे आहे आणि डी त्याच्या उजवीकडे. सी वाढवायचा तर त्याला लागून उजवीकडे मोकळी जागा हवी. आपण डी लहान केला, तर विंडोजचे साधन डी च्या उजव्या टोकाची जागा सोडते, आणि ती जागा सी पासून सातशे जीबी दूर असते. ती सी ला जोडायची असेल तर डी चा डावा बांध उजवीकडे सरकवावा लागतो, आणि डावा बांध सरकवणे म्हणजे डी मध्ये उभे असलेले सगळे पीक उपटून शंभर जीबी पलीकडे लावणे. नकाशावरची रेघ बदलायला क्षणभर पुरतो, पण पीक हलवायला तास लागतात, आणि त्या तासांत वीज गेली, तार निघाली किंवा डिस्कच्या एखाद्या सेक्टरने, म्हणजे छोट्या कप्प्याने, दगा दिला तर अर्धे पीक इकडे आणि अर्धे तिकडे अशी अवस्था होते. म्हणून या कामात मी एकच कसोटी लावतो: ज्या मार्गाने डिस्कवरची माहिती कमीत कमी हलेल, तो मार्ग निवडावा. पुढची प्रत्येक सूचना या कसोटीवरच बेतलेली आहे.

हात घालण्यापूर्वी

सर्वांत कमी हालचाल म्हणजे पार्टिशनला हातच न लावणे, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. सेटिंग्जमधील सिस्टीम, त्यात स्टोरेज, येथे जाऊन सी मध्ये नेमके काय साचले आहे ते पाहावे. तात्पुरत्या फाइल्स आणि मोठ्या अपडेटनंतर उरलेली जुन्या विंडोजची प्रत काढल्यावर अनेक जीबी सुटतात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स किंवा डाउनलोड्स या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की लोकेशन नावाचा टॅब दिसतो. तेथून तो संपूर्ण फोल्डर डी मध्ये हलवता येतो आणि वापरताना काहीही फरक जाणवत नाही. एवढे करूनही सी मध्ये वीस-पंचवीस जीबी मोकळे राहत नसतील, तर मात्र पुढे जावे.

आता डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी नोंदवलेली माहिती (तिला ‘स्मार्ट’ म्हणतात) वाचून दाखवते. तेथे ‘गुड’ असे निळ्या रंगात दिसले तर काम चालू ठेवावे. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, विशेषतः रिॲलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित, सेक्टर्सच्या नोंदीमुळे दिसले, तर पार्टिशनचा विचार तेथेच सोडून आधी सर्व माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. थकलेल्या डिस्ककडून शेकडो जीबी वाचून पुन्हा लिहून घेणे हा तिच्यावरचा सर्वांत मोठा भार असतो. यानंतर सी आणि डी या दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स या टॅबवर जाऊन ‘चेक’ चालवावे. फाइल सिस्टीममध्ये आधीपासून चूक असेल तर आकार बदलणारे साधन एक तर काम नाकारते किंवा मध्येच थांबते, आणि मध्येच थांबणे अधिक वाईट.

मग बॅकअप. यावर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे, कारण माहिती गमावल्याच्या ज्या घटना मी जवळून पाहिल्या, त्यांतील बहुतेकांत बॅकअप ‘होता’. एका सोसायटीचे हिशेब सांभाळणाऱ्या गृहस्थांनी टॅलीचा डेटा सी मधून डी मध्ये कॉपी करून ठेवला होता आणि त्यालाच ते बॅकअप समजत होते. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावे आहेत, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. बॅकअप वेगळ्या वस्तूवर असावा: बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, दुसरा संगणक किंवा क्लाउड. घरातील लग्नाचे फोटो, हिशेब, प्रबंध यांसारख्या, पुन्हा मिळू न शकणाऱ्या गोष्टींच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

बाहेरची डिस्क जुनी असेल तर तिची फाइल सिस्टीम पाहून घ्यावी. ती फॅट३२ असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर जात नाही, आणि नेमके मोठे व्हिडिओच मागे राहतात. कॉपी पूर्ण झाल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोघांचे प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि बाइटमधील आकार जुळतो का ते पाहावे, आणि मग ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून प्रत्येक प्रकारच्या चार-दोन फाइल्स प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर मी विसंबत नाही.

सी चाही बॅकअप हवा, कारण डेस्कटॉप, ब्राउझरमधील बुकमार्क्स आणि पासवर्ड, तसेच आउटलूकच्या मेलच्या फाइल्स बहुधा सी मध्येच असतात. शक्य असल्यास सी ची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे विंडोजसह जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवावी. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी उपयोगी आहे. निदान विंडोज पुन्हा बसवता येईल असा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तरी आधी तयार असावा.

विजेचा विचारही आताच करावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या जोडणीवर काम करावे. ज्या दिवशी आपल्या भागात देखभालीसाठी वीज बंद असते तो दिवस टाळावा, आणि जून-जुलैतील वादळी दुपारही टाळावी.

शेवटी बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कूटबद्ध करण्याची विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर ड्राइव्ह आधीपासून कूटबद्ध असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अनेकांना ते ठाऊकही नसते. फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसते का ते पाहावे, किंवा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधावे. कूटबद्ध असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचे स्वतःचे साधन बिटलॉकर असलेला ड्राइव्हही लहान-मोठा करू शकते, पण त्यापूर्वी संरक्षण तात्पुरते स्थगित करणे हिताचे आहे. विंडोजबाहेरील साधन वापरायचे असेल तर मात्र आधी ड्राइव्ह पूर्णपणे डिक्रिप्ट करून घ्यावा.

नकाशा वाचणे

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पट्टीत पार्टिशन्स ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने दाखवलेली असतात. या चित्राचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. पुढे काही बिघडले तर कोणत्या तुकड्याचा आकार किती होता हे त्या फोटोतूनच कळेल. सी आणि डी यांना ओळखू येतील अशी नावेही येथेच द्यावीत, कारण विंडोजबाहेर पडले की सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत, फक्त आकार आणि नावे दिसतात.

या चित्रात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे डिस्क एमबीआर पद्धतीची आहे की जीपीटी; पार्टिशन टेबल लिहिण्याच्या या दोन पद्धती आहेत. डिस्क ० या अक्षरांवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स या वाटेने गेल्यावर पार्टिशन स्टाइल लिहिलेली दिसते. एमबीआर ही १९८३ पासूनची जुनी पद्धत असून तिच्यात चारच प्राथमिक पार्टिशन्स मावतात आणि सुमारे २ टीबीपलीकडची जागा तिला हाताळता येत नाही. जीपीटीत विंडोज १२८ पार्टिशन्सना वाव देते. एमबीआर डिस्कवर डी, ई हे ड्राइव्ह पुष्कळदा हिरव्या चौकटीने वेढलेल्या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात. तसे असेल तर आत मोकळी झालेली जागा ‘फ्री स्पेस’ म्हणून हिरवट रंगात दिसते आणि ती सी ला मिळत नाही. सी ला मिळते ती काळ्या पट्टीची ‘अनॲलोकेटेड’ जागाच.

दुसरी गोष्ट म्हणजे सी आणि डी यांच्या मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेले एखादे लहानसे रिकव्हरी पार्टिशन बसले आहे का. ते साधारण पाचशे एमबी ते एक जीबीचे असते आणि त्याला अक्षर नसते. ते मध्ये असेल तर डी संपूर्ण काढूनही सी वाढणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीला असलेले ईएफआय सिस्टीम पार्टिशन. त्याला कोणत्याही कारणाने हात लावू नये. त्यावरूनच संगणक सुरू होतो.

पहिला मार्ग: डी रिकामा करून पुन्हा बांधणे

नवख्या माणसाला मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. याला बाहेरची डिस्क लागते आणि थोडा संयम लागतो, पण डिस्कवर उभे पीक हलवण्याची वेळच येत नाही. प्रत आधीच बाहेर सुरक्षित असते, आणि जे काम विंडोजने करायचे ते नकाशावरच्या रेघांचेच उरते.

डी मधील २५० जीबी बाहेरच्या डिस्कवर घेऊन, वर सांगितल्याप्रमाणे तपासून झाल्यावर, डी वर काही प्रोग्रॅम बसवलेले आहेत का ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून डी वर घातलेली ॲप्स साध्या कॉपीने परत येत नाहीत, त्यामुळे ती सेटिंग्जमधून आधी सी वर हलवावीत किंवा काढून टाकावीत. इतर प्रोग्रॅम्सचे फोल्डर पुढे त्याच अक्षराखाली, त्याच नावाने परत ठेवले तर सहसा चालतात. विंडोजची पेज फाइल (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची फाइल) डी वर ठेवलेली असेल तर तीही सी वर आणून संगणक पुन्हा सुरू करावा.

यानंतरची पायरी छोटी आहे, पण चुकवू नये. बाहेरची डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून संगणकापासून काढून ठेवावी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती डिस्क १ म्हणून याच पट्ट्यांच्या खाली दिसत असते, आणि घाईत तिच्यावरच डिलीट दाबले गेले तर एकमेव प्रत आपल्याच हाताने जाते. जी वस्तू जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर उजवी क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’ निवडावे. होय म्हणण्यापूर्वी नाव आणि आकार मोठ्याने वाचावा. डी एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असेल तर त्यानंतर उरलेल्या रिकाम्या हिरव्या चौकटीवरही उजवी क्लिक करून ती काढावी, म्हणजे जागा काळ्या पट्टीची होते. त्या चौकटीत ई ड्राइव्हही असेल तर चौकट काढता येणार नाही, तेव्हा ई चीही माहिती अशीच बाहेर काढावी लागेल.

मग सी वर उजवी क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडावे. विझार्ड आकार एमबीत विचारतो आणि सुरुवातीला सगळी उपलब्ध जागा भरून दाखवतो. ती संख्या खोडून आपल्याला हवी ती लिहावी: १०० जीबीसाठी १०२४००, कारण एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. नेक्स्ट, फिनिश, आणि काही सेकंदांत सी २२० जीबी झालेला दिसतो. या टप्प्यावर विंडोजने डिस्क ‘डायनॅमिक’मध्ये बदलण्याविषयी विचारले तर नाही म्हणावे आणि थांबावे. तो प्रश्न येतो याचा अर्थ आपण सी ला लागून नसलेली जागा जोडू पाहत आहोत, आणि साध्या घरगुती संगणकाला डायनॅमिक डिस्कचा उपयोग काहीच नाही, अडचणी मात्र अनेक आहेत.

उरलेल्या काळ्या पट्टीवर उजवी क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, संपूर्ण जागा द्यावी, अक्षर डी, फाइल सिस्टीम एनटीएफएस आणि ‘क्विक फॉरमॅट’ ठेवावे. बाहेरची डिस्क पुन्हा जोडून माहिती परत कॉपी करावी. बाहेरची प्रत निदान महिनाभर पुसू नये.

दुसरा मार्ग: डी जागेवर ठेवून सरकवणे

बाहेर तेवढी जागाच नसेल, किंवा रिकव्हरी पार्टिशन आड येत असेल, तर जीपार्टेड वापरावे. हे मुक्त साधन आहे, त्याची लाइव्ह आवृत्ती पेन ड्राइव्हवरून थेट चालते, आणि त्या वेळी सी व डी दोन्ही वापरात नसल्याने त्यांना हलवता येते. तरीही किमान महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप बाहेर असल्याशिवाय हा मार्ग धरू नये. येथे पीक खरोखर उपटावे लागते.

जीपार्टेडच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून रूफस या मोफत साधनाने ती पेन ड्राइव्हवर लिहावी. त्या पेन ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असावे. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे. फास्ट स्टार्टअप चालू असताना नेहमीच्या पद्धतीने बंद केलेला संगणक खरे तर अर्धवट झोपलेला असतो, एनटीएफएसवर तशी खूण राहते आणि जीपार्टेड त्या ड्राइव्हला हात लावायला नकार देते. नकार मिळाल्यास जबरदस्ती न करता विंडोजमध्ये परत जाऊन पूर्ण बंद करावे. संगणक सुरू होताना बूट मेनूसाठी कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा दुसरी एखादी कळ असते, त्यातून पेन ड्राइव्ह निवडावा. भाषा आणि कीबोर्डविषयीच्या प्रश्नांना एंटर देत गेले की जीपार्टेडची खिडकी उघडते. वर उजवीकडे डिस्क निवडण्याची जागा असते, तेथे आकारावरून आपलीच डिस्क निवडल्याची खात्री करावी. काही नव्या लॅपटॉपवर इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या रेड (RAID) व्यवस्थेमुळे आतली डिस्क येथे दिसतच नाही. अशा वेळी बायोसमधील सेटिंग बदलून पाहण्याच्या फंदात पडू नये, कारण त्यामुळे विंडोज सुरू होणे थांबू शकते. पहिल्या मार्गाकडे वळावे.

आता एक बारकावा, जो माहीत नसल्याने लोक रात्रभर संगणकापुढे बसतात. पार्टिशन उजवीकडे सरकवताना जीपार्टेड त्यातील भरलेली जागाच नव्हे, तर त्या पार्टिशनचा संपूर्ण विस्तार कॉपी करते. डी ८१० जीबीचा ७१० करून सरकवला तर ७१० जीबी हलतात, जरी आत २५० जीबीच माहिती असली तरी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असे धरले, तरी ७१० जीबी वाचायला दोन तास लागतात, त्याच डिस्कवर लिहायला तेवढेच, आणि वाचणे-लिहिणे यांत डिस्कचे डोके सतत मागेपुढे जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो. म्हणून काम तीन टप्प्यांत करावे. आधी डी उजव्या बाजूने आवरून ३०० जीबीवर आणावा. मग तो ३०० जीबीचा तुकडा १०० जीबी उजवीकडे सरकवावा. मग त्याचे उजवे टोक डिस्कच्या शेवटापर्यंत पसरवावे. हलणारा विस्तार निम्म्याहून कमी होतो आणि धोक्याचा काळही तेवढाच घटतो.

प्रत्येक टप्प्यासाठी डी वर उजवी क्लिक करून ‘रिसाइझ/मूव्ह’ निवडायचे असते. लहान करताना चौकटीचे उजवे टोक ओढावे, आणि सरकवताना ‘फ्री स्पेस प्रिसीडिंग’ या रकान्यात १०२४०० लिहावे. सरकवल्याने संगणक सुरू न होण्याची शक्यता आहे असा इशारा जीपार्टेड देते. तो विंडोज असलेल्या पार्टिशनच्या बाबतीत गंभीर असतो, फक्त माहिती असलेल्या डी च्या बाबतीत नाही. खाली कामांची यादी जमा होत जाते, पण वरची हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही घडत नाही. शेवटी सी चे उजवे टोक मोकळ्या जागेत वाढवण्याचे काम त्या यादीत घालावे, यादी वाचून पाहावी आणि मगच हिरवी खूण दाबावी. त्यानंतर संगणकाला हात लावू नये. पट्टी बराच वेळ एकाच जागी दिसली तरी ‘कॅन्सल’ दाबू नये.

रिकव्हरी पार्टिशन मध्ये असेल तर तेही याच पद्धतीने उजवीकडे सरकवता येते, आणि ते एक जीबीच्या आतले असल्याने काही मिनिटांत सरकते. पण त्यापूर्वी विंडोजमध्ये, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘डिसेबल’ या पर्यायासह रोमन लिपीत देऊन दुरुस्तीची व्यवस्था तात्पुरती बंद करावी, आणि काम झाल्यावर ‘एनेबल’ने चालू करावी. हे पार्टिशन पुसून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मी देत नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला याच पार्टिशनमध्ये पुरेशी जागा न मिळाल्याने ते असंख्य संगणकांवर बसत नव्हते आणि मायक्रोसॉफ्टला ते पार्टिशन २५० एमबीने वाढवण्याच्या सूचना द्याव्या लागल्या होत्या. सरकवताना त्यालाही थोडी अधिक जागा दिलेली बरी.

नव्या लॅपटॉपवर एकाचे दोन करायचे असतील तर

हे सर्वांत सोपे. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते आणि सगळी सी मध्येच असते. सी वर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे, किती जागा काढून घ्यायची ते एमबीत लिहावे, आणि सुटलेल्या जागेत नवा व्हॉल्यूम बनवावा. सी ला २०० जीबीपेक्षा कमी ठेवू नये असे माझे मत आहे. आज केलेली काटकसर तीन वर्षांनी वरच्या सगळ्या खटाटोपात ओढते.

येथे एकच अडचण वारंवार येते. दोनशे जीबी रिकामे असूनही विंडोज त्यांतले थोडेच सोडायला तयार होते. कारण असे की पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट्स ही विंडोजला जागच्या जागी हलवता येत नाहीत, आणि त्यांतील एखादी ड्राइव्हच्या मध्यावर किंवा शेवटाकडे बसली असेल तर तिच्या अलीकडे बांध येऊ शकत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, येथे २५९ क्रमांकाची नोंद शोधली की कोणती फाइल आडवी आली तिचे नाव मिळते. सिस्टीम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट्सची व्यवस्था) बंद करावे, पेज फाइल तात्पुरती काढावी, ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने हायबरनेशन बंद करावे, संगणक पुन्हा सुरू करून श्रिंक करावे, आणि नंतर या तिन्ही गोष्टी पूर्ववत कराव्यात.

विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुन्या लॅपटॉपवर शेजारी लिनक्स बसवू पाहणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा: विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावे आणि सुटलेली जागा रिकामी सोडून लिनक्सच्या इन्स्टॉलरला द्यावी. पुढे लिनक्सचे पार्टिशन बदलायचे झाल्यास, ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम असलेले पार्टिशन चालू स्थितीत मोठे होते पण लहान करण्यासाठी ते वापरात नसावे लागते.

काही बिघडले तर

काम झाल्यावर पहिल्यांदा सुरू होताना विंडोजने डिस्क तपासायला घेतली तर ती पूर्ण होऊ द्यावी. सी आणि डी उघडून पाहावेत, बिटलॉकर स्थगित केले असेल तर पुन्हा चालू करावे.

चुकीचे पार्टिशन काढले गेले असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नये. नवा व्हॉल्यूम बनवू नये, विंडोजने फॉरमॅट करायचे का असे विचारल्यास नाही म्हणावे, आणि संगणक बंद करावा. साध्या हार्ड डिस्कवर डिलीटने फक्त नकाशावरची रेघ गेलेली असते, पीक जागेवरच उभे असते. टेस्टडिस्क हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून चालवून जुन्या हद्दी शोधता येतात आणि पुष्कळदा सगळे पार्टिशन जसेच्या तसे परत मिळते. आपण मोबाइलवर काढलेला फोटो या वेळी उपयोगी पडतो, कारण टेस्टडिस्कने शोधलेल्या अनेक हद्दींपैकी खरी कोणती हे त्यातल्या आकारांवरून ठरवता येते. एसएसडीवर मात्र मोकळी जाहीर झालेली जागा ट्रिम या साफसफाईच्या सोयीमुळे लवकरच प्रत्यक्ष पुसली जाऊ शकते, म्हणून तेथे संगणक तात्काळ बंद करण्याला अधिक महत्त्व आहे.

सरकवणे अर्ध्यावर थांबले असेल तर तेच काम पुन्हा चालवून पाहू नये आणि विंडोजची चेकडिस्क ही तपासणीही चालवू नये. अर्धवट फाइल सिस्टीमची ‘दुरुस्ती’ करताना ते उरलेल्या नोंदीही काढून टाकू शकते. बॅकअप असेल तर पार्टिशन नव्याने बनवून माहिती परत घ्यावी. बॅकअप नसेल आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतेही साधन न चालवता डिस्क काढून ठेवावी आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे तशीच न्यावी.